हिशेबापेक्षा जास्त चालणारी बॅटरी

१४ नोव्हेंबर

आमच्या लिफ्टमधल्या खोक्यातली बिस्किटं पुन्हा नाहीशी झाली आहेत. या घटनेची नोंद इतिहासाने घ्यावी. इतिहासाला सध्या सवड नसेल, तर निदान या वहीने घ्यावी, म्हणून चार वर्षांनी दैनंदिनी पुन्हा उघडली आहे.

वीज गेली की लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध थबकते आणि आतला माणूस त्रिशंकू होतो. म्हणून पोल्टावा शहरातल्या इतर इमारतींप्रमाणे आम्हीही लिफ्टमध्ये एक खोका ठेवला आहे. त्यात पाण्याच्या दोन बाटल्या, टॉर्च, घाबरलेल्या जिवासाठी थेंबांची कुपी, घडीचं स्टूल आणि बिस्किटांचे चार पुडे असतात. 'फक्त अडकलेल्यांसाठी' अशी पाटी मी स्वतः छापून आत चिकटवली. गेल्या पंधरवड्यात कुणीही अडकलेलं नाही. तरी बिस्किटं संपली. म्हणजे अडकल्याची नुसती कल्पना करून खाणारा कुणी कवी आमच्यात राहतो. शत्रू पूर्वेकडून येतो, एवढंच आजवर ठाऊक होतं.

आता रुक्ष पण आवश्यक माहिती. सातवा मजला. मी टिमोफी, वय छप्पन्न, एका साप्ताहिकात 'यंत्र आणि आपण' हे सदर लिहितो. विद्यापीठात संस्कृत शिकलो, कारण विजेच्या इंजिनियरिंगला जागा मिळाली नाही. तेव्हापासून विजेवर माझं एकतर्फी प्रेम आहे. सैन्याने डाव्या डोळ्यामुळे मला दोनदा परत पाठवलं. आई परास्का, वय एक्याऐंशी, फुप्फुसं थकलेली. ऑक्टोबरपासून तिच्या नाकाला नळी आणि नळीच्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र आहे. ते विजेवर चालतं, आणि वीज रोज सात-आठ तास नसते. रॉकेटं आमच्यावर कमी पडतात, वीजकेंद्रांवर जास्त.

म्हणून मी बॅटरी जोडली. जुन्या विजेच्या मोटारीतले सेल, इन्व्हर्टर, सगळं स्वतःच्या हातांनी. हिशेबाने सहा तास चालायला हवी. आमच्या घरात श्वास थांबणार नाही, हे मी त्या क्रेमलिनवाल्यांना या वहीमार्फत कळवतो.

१६ नोव्हेंबर

मिरोस्लावाचा फोन. माझी धाकटी बहीण, पोलंडमध्ये व्रोत्सवाफला असते, तिथल्या बेकरीत केक सजवते आणि इथल्या भावाला सुनावते.

पूर्वपक्ष (तिचा): "टिमको, तिकडे रोज आठ तास अंधार. इथे दवाखाना माझ्या घरापासून दोन स्टॉपवर. वीज म्हणजे नळाच्या पाण्यासारखी. मी नाताळाआधी गाडी घेऊन येते, आईला पाठव."

उत्तरपक्ष (माझा): "दोन दिवसांचा प्रवास. सीमेवर दहा तासांची रांग. नाकात नळी घातलेली म्हातारी, वाटेत सायरन. आणि इथे बॅटरी आहे."

"तुझी बॅटरी! लहानपणी तू माझ्या बाहुलीत मोटर बसवली होतीस. ती जळाली."

"ती बाहुलीची चूक होती."

"आईला विचारलंस?"

विचारायची काय गरज? एक्याऐंशी वर्षं जी बाई या जिल्ह्याबाहेर तीनदाच गेली, तिचं मत मला ठाऊक आहे. मी आईच्या वतीने नम्र नकार कळवला. आई शेजारच्या खोलीत बीट सोलत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "स्लावका होती का? काय म्हणाली?"

"तेच नेहमीचं."

"हं," आई म्हणाली आणि बीट सोलत राहिली.

मला आईबरोबर जाता येत नाही, हेही इथे लिहून ठेवतो. युद्ध संपेपर्यंत साठीच्या आतल्या पुरुषाला सीमा बंद. आजारी आईला पोचवायची परवानगी मागता येईल का, म्हणून सरकारी कचेरीत गेलो होतो. बाई चष्म्यावरून म्हणाल्या, "न्यायला मुलगी आहे ना? मग तुम्ही कशाला?" प्रश्न बिनतोड होता. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

२१ नोव्हेंबर

विजय! आज वीज सकाळी नऊला गेली ती संध्याकाळी पाचला आली. आठ तास. ती यायच्या जरा आधी मी कचेरीतून परतलो, सात मजले चढलो, आणि बॅटरीवर आकडा पाहिला: बत्तीस टक्के शिल्लक. सहा तासांच्या बॅटरीत आठ तासांनंतर एक तृतीयांश उरते! पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. आई खुर्चीत बसलेली, यंत्र घरघरतंय, सारं यथास्थित.

कारणमीमांसा: वायर आखूड ठेवली, म्हणून गळती कमी. सेल एकमेकांशी काटेकोर जुळवले. आणि थंडी, जी आमच्या बाजूने लढते असं आम्ही नेहमीच म्हणत आलो आहोत. या शोधावर सदराचा लेख लिहायला घेतला.

आईचे ओठ किंचित निळसर वाटले. खोलीत चौदा अंश. विजेचं पांघरूण आणायला हवं. ते बॅटरीवर चालणार नाही, पण वीज असताना तरी ऊब.

२२ नोव्हेंबर

राईसा पिलिपिव्ना आल्या. चौथ्या मजल्यावर राहतात, चाळीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली, आणि अजून सगळ्यांकडे चूक केलेल्या विद्यार्थ्यासारखं पाहतात. आल्या आल्या म्हणाल्या, "बिस्किटं मी खाल्ली."

"अडकला होतात?"

"नाही. उपाशी होते. बाजार बंद, गॅस नाही. आणि तुझी ती पाटी वाचून राग आला. अडकलेला म्हणजे फक्त लिफ्टमध्येच अडकलेला, असं कुठल्या ग्रंथात आहे?"

संस्कृतात अशा तर्काला काय म्हणतात ते आठवेना. मग बॅटरीची गोष्ट सांगितली. त्यांनी आईकडे पाहिलं, आई खिडकीबाहेर पाहू लागली.

"टिमोफी," त्या म्हणाल्या, "तुझी आई तुझ्यापेक्षा मोठी इंजिनियर आहे."

स्तुती आवडली. मी त्यांना बिस्किटांचे दोन पुडे दिले.

२९ नोव्हेंबर

आरोग्याबद्दल माझं मत: माणूस औषधाने कमी आणि मापाने जास्त जगतो. मनगटावर घड्याळ, बोटावर ऑक्सिजन मोजायची चिमटी, फोनवर आलेख. जे मोजलं ते अर्धं जिंकलं. आमच्या डॉक्टर बोहदाना यावर हसतात. हसोत. वैद्यक आणि विनोद दोन्ही जुन्या विद्या आहेत.

आईची चिमटी मी रोज संध्याकाळी लावतो: ब्याण्णव, त्र्याण्णव. उत्तम.

आणि ज्या बाईला मी दोन वर्षं फोनचं बटण दाबायला शिकवत होतो, तिने स्वतः होऊन दोन मागण्या केल्या! पहिली: मी कुठे आहे ते तिच्या टॅब्लेटवर दिसावं. आता नकाशावर माझा निळा ठिपका कचेरीतून निघतो, पूल ओलांडतो, ब्रेडच्या दुकानापाशी थांबतो, आणि आई घरबसल्या पाहते. "जिवाला बरं वाटतं," म्हणाली. तंत्रज्ञान जिवाला जोडतं ते असं. दुसरी: पोलिश भाषा शिकवणारं ॲप. रोज सकाळी ती टॅब्लेटशी बोलते. "नमस्कार. माझं नाव परास्का. दवाखाना कुठे आहे? मला श्वास लागतो." मेंदूचा व्यायाम म्हणून याहून चांगलं काही नाही. लेखात याचा उल्लेख करायला हवा: एक्याऐंशीव्या वर्षी, निव्वळ बुद्धीच्या आरोग्यासाठी!

४ डिसेंबर

सकाळी अकराला सायरन. मी आज घरी. रस्ता आणि आपण यांच्यात दोन भिंती हव्यात हा नियम. म्हणून आम्ही घरातल्या बोळात बसतो, कपड्यांचं कपाट आणि बुटांचं कपाट यांच्या मधे. वीज होती, यंत्रही बोळात आणलं. आईच्या मांडीवर पीठ मळायचं पातेलं.

"आई, सायरन चालू आहे."

"पिठाला कुठे ऐकू येतं?"

मी फोन दाखवला. "बघ, भोंग्याच्या आधी फोन सांगतो. वीस सेकंद आधी."

"माझे गुडघे आदल्या रात्रीच सांगतात."

युद्धाबद्दल माझं मत कुणी विचारत नाही, म्हणून इथे लिहितो. जे विमान माणसाशिवाय उडत येतं त्याच्या पोटातल्या मोटरची धाकटी बहीण माझ्या दाढीच्या यंत्रात आहे. यंत्राला शिव्या देणारे मला आवडत नाहीत. शिव्या द्यायला माणसं पुरेशी आहेत, त्यांची नावं आहेत, पदं आहेत, बंगल्यांचे पत्ते आहेत. उद्या हे संपेल तेव्हा कुणीतरी म्हणेल की मानवजात भरकटली. मानवजात नव्हे. मानवजात बोळात पीठ मळत बसली होती.

लांबवर दोनदा दणका. कपाटातून आईचा एक जुना बूट खाली पडला. ती म्हणाली, "एवढंच?" आणि पातेल्यावर फडकं टाकलं.

मग अचानक म्हणाली, "टिमको, मी नसते तर तू इथे काय जेवला असतास?"

"कॅन उघडले असते."

"तेच मला वाटतं," आई म्हणाली. पातेल्यावरचं फडकं पुन्हा सारखं केलं.

५ डिसेंबर

वीज नऊ तास नाही. बॅटरी एकोणतीस टक्के. हे आता चमत्काराच्या हद्दीत चाललं आहे. मी नम्र राहायचा प्रयत्न करतो.

११ डिसेंबर

लेख छापून आला आणि मिरहोरोदहून एका निवृत्त वायरमनचं पत्र आलं. पूर्ण उतरवून ठेवतो, कारण उर्मटपणाचा नमुना म्हणून ते जपण्यासारखं आहे:

'आदरणीय संपादक महाराज. मी एकेचाळीस वर्षं खांबावर चढलो आहे. आपण लिहिता त्या सेलमधून त्या यंत्राला सहा तासांपेक्षा पाच मिनिटंही जास्त मिळणार नाहीत. थंडीत तर कमीच. वायर आखूड करा, नाहीतर तिला मंत्र म्हणा. नऊ तासांनी बॅटरीत काही उरलं असेल तर एकच अर्थ: यंत्र बंद होतं. घरी विचारा.'

मी लगेच उत्तर लिहिलं. त्यात 'अनुभव आणि गणित', 'नवं ज्ञान आणि जुने खांब' असे काही चांगले शब्दप्रयोग जमले आहेत. यंत्र बंद होतं म्हणे! मी दार उघडतो तेव्हा रोज चालू असतं. माझ्या कानांनी ऐकतो.

मिरोस्लावाचा पुन्हा फोन: ती वीस तारखेला गाडी घेऊन येतेच आहे, आई आली तर आई, नाहीतर लोणच्याच्या बरण्या घेऊन जाईन म्हणते. मी म्हटलं, बरण्या ने. मी हरणार नाही. वीज त्यांनी तोडली, मी जोडली. आता त्यांच्या भीतीने आईलाही घराबाहेर काढलं, तर त्यांचं रॉकेट न पडताही लागलं म्हणायचं. ते होऊ देणार नाही.

पत्र टपालात टाकलं नाही अजून. उद्या.

१५ डिसेंबर

डॉक्टर बोहदाना दुपारी दोनला न सांगता आल्या. शेजारच्या इमारतीत आल्या होत्या, तिथून सात मजले चढून. मीही नेमका तेव्हाच परत आलो होतो, फोन घरी विसरलो म्हणून. म्हणजे माझा निळा ठिपका सकाळपासून घरातच होता आणि आईला वाटलं असणार, ॲप बिघडलं. वीज दहापासून नव्हती.

आम्ही दोघं जिन्यात भेटलो, बरोबर वर आलो, मी किल्लीने दार उघडलं. घरात शांतता होती. घरघर नाही.

आई खुर्चीत होती, नळी गळ्यात माळेसारखी. हातात टॅब्लेट. आमच्याकडे पाहून तिने आधी माझ्याकडे, मग यंत्राकडे पाहिलं, शाळेत पकडलेल्या मुलीसारखं. ओठ निळे. थंडीने नव्हे.

डॉक्टरबाईंनी नळी लावली, बटण दाबलं, चिमटी लावली. त्र्याऐंशी. मग यंत्र भिंतीपासून ओढलं आणि मागच्या बाजूला वाकल्या. तिथे एक छोटी खिडकी आहे, आत आकडे, जुन्या मोटारीत असतात तसे. यंत्र एकूण किती तास चाललं ते दाखवणारे. माझ्या फोनवर यंत्राचे सहा आलेख आहेत. ही खिडकी मी कधी पाहिलीच नव्हती. ती कशालाही जोडलेली नाही.

"कधीपासून आहे हे?"

"एक ऑक्टोबरपासून."

"मी रोज सोळा तास सांगितले होते. पंचाहत्तर दिवस. बाराशे व्हायला हवेत." त्यांनी बोट काचेवर ठेवलं. "सहाशे ऐंशी. परास्काबाई, बाकीचे तास कुठे गेले?"

आई म्हणाली, "ठेवलेत."

"कुठे ठेवलेत?"

आईने हनुवटीने बॅटरी दाखवली. "काळ्या दिवसासाठी."

डॉक्टरबाई खुर्चीवर बसल्या. त्या हसल्या नाहीत. पानभर लिहून दिलं, मला दाराबाहेर नेलं आणि म्हणाल्या, "हृदयाची उजवी बाजू सुजलीय. असं अजून दोन महिने चाललं तर मला बोलावू नका. पाद्र्याला बोलवा." पायऱ्या उतरता उतरता वळल्या: "आणि तुमचा लेख वाचला मी. छान होता."

१६ डिसेंबर

काल रागाने लिहिणं थांबवलं. आज सकाळी, वीज असताना, आईसमोर बसलो.

"आई, रोज? मी घराबाहेर पडलो की रोज?"

"आधी जिन्यात तुझे बूट वाजले की, नंतर तू पुलापाशी आलास की चालू करायचे. ब्रेडच्या दुकानापाशी थांबलास की पाणी प्यायचे, ओठांना तूप लावायचे. तुझा ठिपका फार कामाचा आहे."

"तुला श्वास पुरत नाही! काळा दिवस म्हणजे आणखी कुठला? हाच तो!"

आईने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी मी लहानपणी पावाचा तुकडा जमिनीवर टाकला तेव्हा टाकली होती. "माझी आई उशीत पावाचे वाळके तुकडे शिवून ठेवायची. मरेपर्यंत. तेहेतीस सालच्या उपासमारीत तिच्या घरातून सातजण गेले. तुला काय माहीत काळा दिवस काय असतो? रात्री वीज आलीच नाही तर? दोन दिवस आली नाही तर? बॅटरी संपली तर तू काय करणार, तोंडाने फुंकणार? सगळं एकदम संपवायचं नसतं. श्वाससुद्धा."

मी म्हटलं, "मग मला सांगायचंस. आणखी सेल जोडले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

"म्हणजे?"

"तू रोज यायचास, अंगातला कोट न काढता त्या आकड्यापाशी जायचास. तुझं तोंड असं फुलायचं." तिने हातवारे करून दाखवलं, ती माझी नक्कल फार चांगली करते. "तू दहावीत नापास झाल्यापासून असं हसला नव्हतास."

"मी दहावीत नापास झालो नव्हतो."

"नापासच झाला होतास. मी मास्तरांना बदक दिलं."

मग मी सहज विचारलं, म्हणजे सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, "स्लावकाकडे जायचं असतं तर गेली असतीस?"

"ऑक्टोबरमध्येच जाणार होते. पिशवी भरून पलंगाखाली होती. त्याच संध्याकाळी तू ती बॅटरी सात मजले पाठीवर चढवून आणलीस. आता तुला कसं सांगणार?"

"आणि ते पोलिश…"

"बेटा," आई म्हणाली, "एक्याऐंशीव्या वर्षी मेंदूचा व्यायाम कोण करतं?"

वायरमनला लिहिलेलं उत्तर फाडलं. नवीन लिहिलं, दोन ओळींचं: आपण बरोबर होतात. घरी विचारलं.

१९ डिसेंबर

मिरोस्लावाला मी परवा स्वतः फोन केला. ती काहीतरी टोमणा मारायला तयार होती, पण माझा आवाज ऐकून नुसतं "निघते" म्हणाली. उद्या दुपारपर्यंत पोचेल. गाडीत दुसरी बॅटरी ठेवली आहे. सीमेपर्यंत यंत्र सतत चालेल, या वेळी मागच्या खिडकीतले आकडे मी लिहून दिले आहेत आणि तिला रोज वाचायला सांगितलं आहे.

राईसा पिलिपिव्ना सकाळी आल्या, आईचे मोजे रफू करून गेल्या. आई त्यांच्याशी, माझ्याशी आणि पलंगाशी भांडत आवराआवर करते आहे. तीन लिटरच्या आठ बरण्या न्यायच्याच म्हणते. मी म्हटलं, पोलंडमध्ये काकड्या मिळतात. ती म्हणाली, "मिळत असतील. लोणचं मिळत नाही." मग चुलीजवळ उभी राहून मला बोर्श, म्हणजे आमचं बिटाचं सार, कसं करायचं ते सांगितलं, बीट शेवटी, व्हिनेगर आधी, आणि मी चुकीचं लिहून घेतोय का ते वहीत डोकावून पाहिलं. सायरन झाला, आम्ही बोळात बसलो नाही. तिने भांडं उतरवायला नकार दिला आणि मीही.

संपादकांनी पुढच्या अंकासाठी विषय विचारला आहे. मी कळवलं की या आठवड्यात सदर नाही.

एकदा सरळ लिहून टाकतो. रॉकेटची मला भीती वाटत नाही, म्हणजे वाटते, पण ती सगळ्यांना वाटते. अंधाराचीही नाही. आई तिकडे नीट श्वास घेईल, हे मला ऑक्टोबरमध्येही ठाऊक होतं. बॅटरी मी तिच्या श्वासासाठी जोडली असं सर्वांना सांगितलं, स्वतःलाही. खरं म्हणजे तिने जाऊ नये म्हणून जोडली होती. मला साठ पूर्ण व्हायला तीन वर्षं अकरा महिने आहेत, आणि तिचं वय एक्याऐंशी. उद्या मी तिला गाडीत बसवणार आहे. ती मला पुन्हा दिसेल असं मला वाटत नाही.